भट्टीखालचा खडा

फाल्गुन लागला की मानवतच्या रस्त्यांवरून पऱ्हाट्यांच्या ट्रॉल्या जायला लागतात. कापूस वेचून संपलेला असतो, शेतं पुढच्या पिकासाठी मोकळी करायची असतात, आणि उपटलेली ती वाळकी झाडं ट्रॅक्टरमागे दोन्ही अंगांनी एवढी बाहेर आलेली असतात की दुचाकीवाल्यानं जीव मुठीत धरून कडेला व्हावं. यंदाही आल्या. काल शाळेतून येताना एका ट्रॉलीतली काडी माझ्या दंडाला ओरबाडून गेली. घरी येऊन हळद लावताना मला तीन वर्षांपूर्वीचा फाल्गुन आठवला. त्या फाल्गुनात मी घरामागे पिझ्झाची भट्टी बांधली होती.

पिझ्झाची भट्टी म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. आमच्या गावात पिझ्झा मिळत नाही असं नाही. बसस्टँडजवळच्या बेकरीत गोडसर पावाच्या चकतीवर टोमॅटोची चटणी आणि किसलेला कोबी टाकून देतात, आणि पोरं तो मिटक्या मारत खातात. माझं त्या पिझ्झ्याशी काही भांडण नव्हतं. खरं सांगायचं तर मला पिझ्झ्याचंही एवढं काही नव्हतं. मला भट्टी बांधायची होती. विटांची, मातीची, गोल घुमटाची, पुढे कमानदार तोंड असलेली आणि लाकडांवर पेटणारी.

मी गणिताचा मास्तर. वीस वर्षं फळ्यावर अर्धगोल काढतोय, पण एकही अर्धगोल कधी हातानं बांधला नाही. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं, आता थोडंफार कळतं. भट्टीच्या आदल्या फाल्गुनात अण्णा गेले. माझे वडील. त्यांना अग्नी मीच दिला. त्यानंतर वर्षभर मी मोबाइलवर भट्ट्या बघत सुटलो. कुठल्या कुठल्या देशातली माणसं विटा रचतायत, माती लिंपतायत, जाळ करतायत, आणि आत लाल होत जाणाऱ्या घुमटाकडे समाधानानं बघतायत. मीही बघत राहायचो. शोभा, माझी बायको, एकदा म्हणाली, "बाकीची माणसं भजनं लावून बसतात, तुमी जाळ बगत बसता." मी मोबाइल उलटा ठेवला, पण तिच्या बोलण्यावर हसू काही आलं नाही.

मार्चपासून आमची शाळा सकाळची होते. साडेअकराला घंटा झाली की मास्तर मोकळा. घरी येऊन दोन घास खाल्ले की बारा वाजतात, आणि मग सगळी दुपार समोर पसरलेली असते. त्या वेळी आमच्याकडे कुणी बाहेर पडत नाही. दारं ओढून घेतलेली असतात, कुत्री गटाराच्या ओलीत पडलेली असतात, आणि उन्हाला एक बारीक आवाज असतो. तो आवाज आहे की आपल्याच कानात आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. दारात उभं राहावं तर सावली पायाखाली गोळा होऊन बसलेली दिसते. लोक अंधाराला घाबरतात. मला मात्र ह्या उजेडाची भीती वाटते, कारण ह्यात सगळं दिसत असतं आणि तरी कुणीतरी आहे असं वाटत असतं. भट्टीचं काम मी नेमकं ह्याच वेळी करायचो.

"भर दुपारचं मागं जात जाऊ नको रे," माय म्हणायची. माय म्हणजे माझी आई. तेव्हा तिनं सत्तरी गाठली होती.

"मग कधी जाऊ?"

"ऊन खाली झाल्यावर जा. आता ती येळ आपली न्हाई."

"कुणाची आहे मग?" मी चेष्टेनं विचारायचो. मी टोपी घालून मागं जायचो, आणि थोड्या वेळानं वळून बघावं तर ती स्वतःच मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसलेली असायची, सुपात ज्वारी घेऊन. मला जाऊ नको म्हणणारी बाई स्वतः तिथं का बसते, हे मी तिला विचारलं नाही. मला वाटलं, माझी काळजी.

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकतो, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आमच्यात माणूस गेला की स्मशानात मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतो. प्रत्येक फेरीला मागचा माणूस एका खड्यानं मडक्याला भोक पाडतो. त्या खड्याला जीवखडा म्हणतात. तो टाकून द्यायचा नसतो. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या खड्यात असतो असं धरून चालायचं, तो कापडात बांधून जपायचा, घरात मात्र आणायचा नाही. दहाव्या दिवशी नदीवर न्यायचा, त्यावर तेल घालायचं, पिंड ठेवायचे, कावळा शिवायची वाट बघायची, आणि मग खडा पाण्यात सोडायचा. माणूस तेव्हा सुटतो. तोवर तो आपल्या आसपासच असतो, आणि त्याला ठेवून घेतलेलं असतं ते मुलानं.

अण्णांचा खडा मी पांढऱ्या फडक्यात बांधला आणि मागच्या भिंतीतल्या बाहेरच्या अंगाच्या कोनाड्यात ठेवला. पूर्वी तिथं ते दाढीचं सामान ठेवायचे. दहाव्या दिवशी सकाळी दारात जीप उभी, पाहुणे आत बसलेले, भटजी घड्याळ बघतायत. मी मागं जाऊन फडकं उचललं, तर ते हाताला हलकं लागलं. गाठ मी मारली होती तशीच होती. फडकं कुठं फाटलेलं नव्हतं. सोडून बघितलं तर आत काहीच नव्हतं.

कोनाडा चाचपला. भिंतीच्या बुडाशी पालापाचोळा उलथला. जीपचा हॉर्न वाजला, मामांनी हाक मारली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. कोपऱ्यातल्या सीताफळीखाली एक काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा खडा अर्धा मातीत रुतलेला दिसला. तो मी नखांनी उकरून काढला, पँटला पुसला, फडक्यात बांधला आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवर सगळं रीतीनं झालं. भटजींनी अण्णांचं नाव, गोत्र घेतलं. पिंड ठेवून आम्ही मागं सरलो न सरलो तोच कावळा आला. मामा म्हणाले, एवढ्या लवकर कधी बघितलं नाही, माणूस तृप्त होऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले. मी कावळ्याकडे बघत होतो. ज्याच्यासाठी तो आला तो इथं नाहीच, हे एकट्या मला माहीत होतं. घरी आल्यावर मायनं विचारलं, "झालं का नीट?" मी म्हणालो, "झालं. कावळा लगेच शिवला." तिनं मान हलवली आणि पाणी दिलं.

मी विज्ञान मेळाव्यात पोरांना अंधश्रद्धेवर भाषण देणारा माणूस. दगड तो दगड, हे मला कळतं. एका खड्याच्या जागी दुसरा ठेवला तर समीकरणाला काय फरक पडतो, असं मी वर्षभर स्वतःला समजावलं. पण मागच्या अंगणात गेलो की माझी नजर जमिनीवरच असायची. अण्णा तिथंच कुठंतरी पडलेत आणि मी त्यांच्या अंगावरून चालतोय असं वाटायचं. मी त्यांना अडकवून ठेवलं होतं आणि मायला खोटं सांगितलं होतं. ह्या दोन्हींतलं मोठं पाप कोणतं, हे मला ठरवता येईना.

भट्टीसाठी जागा आखली ती अंगणाच्या मधोमध. पाया खणायला मी स्वतः कुदळ घेतली. फूटभर काळी माती, खाली मुरूम. निघालेला प्रत्येक खडा मी हातात घेऊन बघायचो. अण्णांचा खडा तांबूस होता, एका बाजूला टवका उडालेला, एवढं मला आठवत होतं. तसा वाटेल तो मी धुऊन भिंतीवर ठेवायचो. चार दिवसांत भिंतीवर खड्यांची रांगच लागली. शोभानं विचारलं, "ह्या गोट्यांचं काय करणार?" मी म्हणालो, भट्टीत लागतात. ती म्हणाली, "मोबाइलमदी तर कुठं दिसले न्हाईत." मी कुदळ उचलली. उन्हात उभं राहून बायकोशी खोटं बोलायला किती कमी कष्ट पडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घुमट माझ्या एकट्याच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून युसूफ मिस्त्रींना बोलावलं. बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी माझी आकडेमोडीची वही आदरानं हातात घेतली आणि न बघता परत दिली.

"सर, हिसाब तुमचा बरोबरच असंल. पण भट्टी हिसाबानं न्हाई तापत. इट लय भाजलेली नको, कच्ची बी नको. माती आणा वारुळाची. वाळवीनं चाळलेली असती, तडकत न्हाई. त्यात गुळाचं पाणी अन् भुसा. अन् सबर पाहिजे. जल्दी केली की भट्टी फुटती."

भट्टीच्या तळाखाली रिकाम्या बाटल्या पसरल्या की आच खाली उतरत नाही, हे मी मोबाइलवर शिकलो होतो. मिस्त्रींना ते पटलं. पण मास्तरानं गावात रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत तोंड दाखवायला नको. म्हणून मी स्कूटर घेऊन पार देवगाव फाट्यापर्यंत गेलो आणि एका ढाब्यामागून पोतंभर बाटल्या आणल्या. निघताना ढाबेवाल्यानं माझ्याकडे फार सहानुभूतीनं बघितलं आणि म्हणाला, "सुटंल हो सर, हळूहळू सुटंल." मी मान डोलावली आणि पोतं घट्ट धरून घरी आलो.

घरी येऊन बघतो तर भट्टीखालचा चौथरा भरलेला. मी नसताना मिस्त्रींनी काम उरकलं होतं. खणलेला मुरूम, अंगणातले दगडगोटे, आणि मी भिंतीवर मांडलेली खड्यांची रांगसुद्धा त्यांनी आत टाकून धुम्मसानं ठोकून घट्ट बसवली होती. वर फक्त बाटल्यांचा थर आणि विटांचा तळ बाकी होता.

"भराव कमी पडायलता, सर," ते म्हणाले. "सगळं अंगण झाडून टाकलं आत. आता बघा कसा पक्का झालाय."

अंगण खरंच आरशासारखं साफ झालं होतं. एक खडा शिल्लक नव्हता. अण्णा ह्या अंगणात असतील तर आता ते त्या चौथऱ्यातच असणार, आणि त्यावर मी जाळ करणार होतो. बाटल्यांचं पोतं खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मिस्त्री म्हणाले, ऊन लागलं तुम्हाला, सावलीत बसा. मी बसलो. चौथरा फोडा म्हणावंसं वाटलं, पण कारण काय सांगणार होतो?

ह्या वर्षीचं ऊनही तसंच आहे. परवा दुपारी वह्या तपासत मागच्या खोलीत बसलो होतो, तर अंगणातून दम लागलेल्या माणसाच्या श्वासासारखा आवाज आला. अण्णांना दमा होता. बाहेर जाऊन बघितलं तर कुणी नव्हतं, तारेवरचं लुगडं वाळून कडक झालं होतं आणि वाऱ्यानं भिंतीला घासत होतं. मी लुगडं काढून घडी केली. तरी तो श्वास पुढं बराच वेळ चालू होता असं मला वाटतं. पण असल्या गोष्टी शपथेवर सांगता येत नाहीत.

घुमट बांधायची रीत गमतीची आहे. आधी चौथऱ्यावर ओल्या वाळूचा गोल ढीग करायचा, थापून थापून नेमका आकार द्यायचा, वर ओले कागद चिकटवायचे आणि त्याच्या अंगावर विटा बसवत जायच्या. वाळूचा ढीग तयार झाला त्या दिवशी मिस्त्री दोन पावलं मागं गेले आणि त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. मजारीसारखं दिसायलंय." मग माझा चेहरा बघून ते म्हणाले, "मजाक केला, सर. फिकर नका करू."

पण त्यांच्यासारखंच इतरांनाही दिसलं. दोन दिवसांनी भर दुपारी अण्णांचे जुने मित्र बाबाराव आले. उन्हात चालून आल्यामुळे त्यांचं तोंड लाल झालं होतं. आले ते सरळ मागं गेले, चपला काढल्या, तापलेल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि त्या ढिगाला हात जोडले.

"लय चांगलं केलंस," ते मला म्हणाले. "गावात बोलायलेत, मास्तरानं बापाची समाधी बांधायला काढली म्हणून. आजकाल कोण एवढं करायलंय?"

आमच्याकडे वडलांची समाधी शेतात बांधतात. आम्हाला शेत नाही, म्हणून लेकानं अंगणात बांधली असं लोकांनी धरलं होतं. ही पिझ्झाची भट्टी आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण बाबारावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पिशवीतून एक नारळ काढून चौथऱ्यावर ठेवला. मी म्हणालो, "चहा घ्या." उंबऱ्यावर माय बसली होती. तिनं सगळं ऐकलं. त्या नारळाचं नंतर काय करावं हे न कळून मी तो तिथंच राहू दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो नव्हता. मायला विचारलं, शोभाला विचारलं. कुणी घेतला नव्हता.

विटा बसल्या, माती लिंपून झाली, आठवडाभर घुमट वाळला. मग आतली वाळू तोंडातून ओढून काढायची वेळ आली. खांद्यापर्यंत हात आत घालून ओंजळ ओंजळ वाळू बाहेर घ्यायची. बाहेर अंग भाजत होतं आणि आतली वाळू गार, ओली होती. हात आत गेला की तो माझा राहत नाही असं वाटायचं. कोपरापर्यंत माझा, त्यापुढं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिलेला. वाळू संपली तशी घुमट आतून नीट झालाय का बघायला मी डोकं आत घातलं. गच्च काळोख, मातीचा वास, आणि कुणीतरी अगदी जवळ श्वास घेत होतं.

तो माझाच श्वास होता. अर्धगोलाच्या मध्याजवळून निघालेला आवाज भिंतींवर आपटून परत मध्यापाशीच गोळा होतो, हे मी पोरांना आकृती काढून शिकवतो. आकृती मला पाठ होती. तरी मी हळूच म्हणालो, "अण्णा."

"अण्णा," घुमट म्हणाला. आवाज माझाच होता, पण दमलेला होता, आणि माझ्यापेक्षा बराच म्हातारा होता. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा कमानीची वीट कपाळाला लागली आणि रक्त आलं. माय उंबऱ्यावरून बघत होती. "काय म्हनले?" तिनं विचारलं.

"कोण?" मी म्हणालो.

ती सुपातली ज्वारी पाखडायला लागली. मी कपाळाला रुमाल दाबून आत निघून गेलो.

त्यानंतर भट्टी तयार होती आणि मी ती पेटवत नव्हतो. मिस्त्री सांगून गेले होते, पहिल्या दिवशी मूठभर पऱ्हाट्यांचीच धग द्या, एकदम जाळ करू नका. पऱ्हाट्यांचा भारा भिंतीला टेकून उभा होता. मी आज पेटवतो, उद्या पेटवतो करत राहिलो. एकदा म्हणालो वारा फार आहे, एकदा म्हणालो माती अजून ओली असेल. शोभानं मैदा, चीज सगळं आणून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मुहूर्त काढायचा का भटजीकडून?" मी चिडलो, नको तेवढं बोललो. तिला काय माहीत! मला रोज दिसत होतं की मी काडी ओढतो, जाळ होतो, तळाच्या विटा तापतात, बाटल्या तापतात, मुरूम तापतो, आणि त्याच्या पोटात कुठंतरी एक तांबूस खडा तापायला लागतो. एकदा अग्नी दिलेल्या बापाला माणूस दुसऱ्यांदा जाळतो का?

आणखी एक गोष्ट झाली. एका दुपारी मी शाळेतून आलो आणि सहज भट्टीच्या तोंडात हात घातला, तर आतला तळ गरम होता. वरून ऊन पडत होतं हे खरं, पण वीतभर जाडीच्या घुमटातून एवढी ऊब आत जाते का? राख नव्हती, धूर नव्हता. शोभा माहेरी गेली होती. मी मायला विचारलं, तू पेटवली होतीस का? ती म्हणाली, "मी कशाला पेटवू? तुझी भट्टी, तू पेटव." मी वहीत आकडेमोड केली. विटेची उष्णता धरायची ताकद, उन्हाचे तास, मातीची जाडी, सगळं मांडलं. उत्तर काही जुळलं नाही, आणि ते पान मी फाडून टाकलं.

शेवटी मला त्या अंगणात पाऊल टाकवेना. वर्गात फळ्यावर वर्तुळ काढताना खडू थांबायचा. जेवण जाईना. भट्टी पाडून टाकावी म्हणून मी एकदा घण घेऊन गेलो आणि तसाच परत आलो, कारण पाडली तरी त्या दगडांतून अण्णांना मी कसा ओळखणार होतो? मायला सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. तिला हे ऐकून काय होईल ह्याची मला भीती होती. नवरा वर्षभर तळमळतोय आणि लेकानं आपल्याला फसवलं, हे कळल्यावर ह्या वयात ती कशी उभी राहील? पण मला ते ओझं उचलेना.

शोभा अजून माहेरीच होती. दुपारी मी मागं गेलो. माय उंबऱ्यावर ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, ऊन डोक्यावर घेऊन.

"माय, अण्णांचा खडा गंगेत गेला नाही."

तिचे हात थांबले नाहीत. मी सगळं सांगितलं. रिकामं फडकं, जीपचा हॉर्न, दुसरा खडा, चौथऱ्यातला भराव. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण मी लहान पोरासारखा रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"ठाऊक हाय मला," माय म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"मी खिडकीत हुते की. तू सीताफळीखाली बसून नखानं माती उकरायलतास. बगितलं मी."

"मग अडवलं का नाहीस?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तो खडा कुनाचा हुता, ठाऊक हाय का तुला?"

मी रुमालानं तोंड पुसलं.

"तुझ्या आदी मला एक लेक झाली हुती," ती म्हणाली. "अकरा दिस जगली. दुसऱ्या दिशी बारसं हुतं. पाळना मागून आनलेला, आन् सकाळी बगते तर लेकरू गार. एवढ्या लहानाला जाळत न्हाईत. तुझ्या बापानं तिथंच खड्डा केला, वर सीताफळ लावलं. गंगेवरून एक खडा आनला आन् तिच्या उशाला ठिवला, जागा कळावी म्हनून. मी म्हनलं, तिचं दहावं करा. समदे म्हनले, एवढ्याशा लेकराचं काही करत नसतेत. मग मी गप बसले. तवापासून गपच हाय."

अंगणात काहीच हलत नव्हतं. मला ह्या घरात जन्मापासून राहूनही हे माहीत नव्हतं.

"आन् मग तू तो खडा उचलून नेलास," माय म्हणाली. "त्याला त्याल घातलं, मंतर म्हनले, पिंड ठिवले. गेली माझी लेक. नाव न्हवतं ठिवलं तिचं, तर बापाच्या नावावर गेली. लेकीला बापाचंच नाव लागतंय की. मी कशाला अडवू तुला?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा एवढा निवांत मी कधी बघितला नव्हता. मग मला विचारावंच लागलं.

"आणि अण्णा? त्यांचं काय?"

मायनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, भट्टी आणि भिंत ह्यांच्यामधल्या जागेकडे. मीही वळलो. तिथं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

"ते कुठं जायलेत?" ती हळू आवाजात म्हणाली. "पेटव आता. त्यांची जेवायची येळ झाली."